पिंपातले गणपती

आमच्या गल्लीतले काही लोक मला अजूनही 'खारीवाली ताई' म्हणतात. मी खारी करत नाही. मला खारी करताही येत नाही. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि लातुरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्रात्यक्षिकं घेते. पण माणसाची ओळख त्याच्या पदवीवरून ठरत नाही, त्याने बाजारातून काय आणलं यावरून ठरते, हे मला गेल्या गणपतीत कळलं.

सुरुवात विहिरीपासून झाली. गल्लीच्या टोकाला किशनरावांची विहीर आहे. आमची सगळी वसाहत म्हणजे एके काळी त्यांचं शेत. प्लॉट पाडून विकले, पण विहिरीचा तुकडा त्यांच्या आईने, तुळजाबाईंनी, विकू दिला नाही. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा विहिरीचं खोदकाम चालू होतं आणि हळदीच्या अंगाने त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, असं गल्लीत सांगतात. नळाला पाणी आठवड्याने येतं, तेही नळाच्या मर्जीने. त्यामुळे आमचं धुणं, भांडी, झाडं, गाड्या सगळं या विहिरीवर चालतं. किशनराव त्याबद्दल काही घेत नाहीत. आणि या उपकाराची परतफेड म्हणून आम्ही गल्लीकर दर अनंत चतुर्दशीला आपापले गणपती वाजतगाजत आणून त्याच विहिरीत सोडत आलो होतो.

मे महिन्यात गणपती वर आले. म्हणजे, अचूक सांगायचं तर, ते वर आले नाहीत, पाणी खाली गेलं. तळाशी गेल्या कित्येक वर्षांचे गणपती एकमेकांना टेकून बसले होते. कुणाचा कान गेलेला, कुणाचा हात गेलेला, पण मुकुटाचा सोनेरी रंग सगळ्यांचा शाबूत. उरलेल्या पाण्यावर तेलकट तवंग होता आणि त्यात सगळे रंग दिसत होते. समोरच्या पुनम वहिनींच्या पांढऱ्या चादरीला गुलाबी झाक आली, ती याच पाण्याने. मोटारीच्या पाइपात प्लास्टरचा गाळ अडकून मोटार जळाली, तेव्हा किशनरावांनी गल्लीला विहिरीवर बोलावलं.

ते म्हणाले, "औंदा एक बी गणपती हिरीत पडला, तर म्या हीर बुजवतो. मुरमाच्या टिप्परवाल्याला सांगून ठेवलंय. ज्याला पाणी लागतंय त्यानं आपलं बघावं."

तुळजाबाई काठावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "एक साल बघ की. लोकं शिकलेली हाईत."

लोकं शिकलेली आहेत, असं आमच्या गल्लीत कुणी म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. एरवी शिकलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही. मी म्हणाले, "मी बघते." दोन शब्दांत माणूस आयुष्यात किती खोल जाऊ शकतो, याचं हे उदाहरण.

उपाय मला माहीत होता. गणपती प्लास्टरचा असेल तर त्याच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचा आणि मूर्ती त्यात ठेवायची. प्लास्टर हळूहळू खडूच्या भुकटीत बदलतं. वर जे पाणी राहतं ते चांगलं खत असतं. मी आधी प्रयोग केला. आमच्या माळ्यावर मावशीच्या जुन्या गणपतीचा फुटका उंदीर पडून होता. तो बरणीत घातला, पावडर टाकली. बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी उंदराची शेपटी गेली, मग पाय, मग उंदीरच गेला. मी बरणीचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकले. वीज मंडळातून निवृत्त झालेले शेषेराव काका गल्लीचे सल्लागार आहेत. त्यांनी त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली. काका हीच खूण कुणी वारल्यावरही पाठवतात, त्यामुळे त्यांचं नेमकं मत समजलं नाही.

बैठक काकांच्याच ओट्यावर झाली. देवाला सोड्यात घालायचं का, हा पहिला आक्षेप. त्यावर बऱ्याच उपसूचना आल्या. कुणी म्हणालं मूर्ती नदीवर नेऊ; नदीत सध्या पाणी नाही असं कळल्यावर ते मागे घेण्यात आलं. काकांनी सुचवलं की सगळ्यांनी मिळून एकच गणपती बसवावा आणि तो त्यांच्या घरी बसवावा. हेही मागे घेण्यात आलं. शेवटी मी खताचा मुद्दा काढला तेव्हा काका सावरून बसले. त्यांच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे. अख्ख्या गल्लीच्या फोडण्या त्या झाडावर चालतात. खत दहापट पाणी घालूनच वापरायचं, हेही मी सांगितलं. पण नेमका तेव्हाच चिवडा आला. मी ते वाक्य चिवड्यानंतर पुन्हा म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

मग मी अशा कार्यालयात गेले ज्याचा पाण्याशीही संबंध आहे आणि उत्सवाशीही. पाण्याच्या टेबलावर म्हणाले, गणपती हा उत्सवाचा विषय. उत्सवाच्या टेबलावर म्हणाले, प्रदूषण हा पाण्याचा विषय. या दोन टेबलांमध्ये एक पंखा होता आणि तो दोघांनाही वारा घालत होता. तिथल्या एका सज्जन गृहस्थांनी मला पावडर फुकट मिळेल अशी आशा दाखवली आणि गल्लीतल्या प्रत्येक मूर्तीचं वजन लिहून आणा म्हणाले. वजन तर मलाही हवंच होतं. त्याशिवाय पावडरीचं प्रमाण कसं काढणार?

देवाचं वजन कसं करतात, हा प्रश्न तोवर माझ्या मनात आला नव्हता. प्राणप्रतिष्ठा झालेल्या गणपतीला तराजूत घालायचं, हे ऐकून आईने हातातलं निरांजन खाली ठेवलं. माझी आई, प्रेमला, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने हातातली वस्तू खाली ठेवली की वर्ग अजूनही शांत होतो. मी मध्यम मार्ग काढला. आधी आईने एकटीने वजनकाट्यावर उभं राहायचं, मग गणपती हातात घेऊन. वजाबाकी केली की मूर्तीचं वजन. तर्क निर्दोष होता. पण त्यात आईचं वजन मला कळणार होतं.

"तू अंदाज कर," आई म्हणाली.

गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी अंदाज करायला सांगितलं. पुरुष काट्यावर चढायला तयार होते, पण त्यांना मूर्ती उचलू द्यायला बायका तयार नव्हत्या. शेवटी मी लांबी, रुंदी, उंची डोळ्यांनी मोजून, सोंडेची वजावट करून आकडे काढले. ते कार्यालयात नेले, तेव्हा ते सज्जन गृहस्थ बदलून हिमायतनगरला गेले होते.

त्याहून मोठी चूक पुढची. मूर्ती कशाची आहे, हे मी विचारलं. वजनाच्या वहीबरोबर हाही प्रश्न घेऊन घरोघर गेले होते. सगळ्यांनी सांगितलं, आमची शाडूची. सगळ्यात आधी आमच्या आईनेच सांगितलं, आणि मोठ्याने. दुकानदाराने तिला तसं सांगितलं होतं, आणि थोडे जास्त पैसे घेतले होते, म्हणजे ते खरं असणारच. आजकाल शाडूचा गणपती म्हणजे सुसंस्कृतपणाची खूण आहे. प्लास्टरचा आहे म्हणायला लोकांना जीव नको होतो. एकट्या शेषेराव काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमचा प्लास्टरचा. आणि गल्लीत सगळ्यात उंच." मूर्तीला मागून जरा खरवडून बघितलं असतं तर मला लगेच कळलं असतं. पण देवाला ओरखडा काढू का, असं मी कुणाला विचारणार होते? मी आमच्या घरात, माझ्या आईलाही विचारलं नाही. शास्त्रज्ञाने पुराव्यावर विश्वास ठेवावा. मी शेजाऱ्यांवर ठेवला.

शाडू साध्या पाण्यात विरघळतो. म्हणजे पावडर काकांपुरती लागणार. तरी मी थोडी जास्त घ्यायचं ठरवलं. हा पदार्थ बेकरीवाले वापरतात, म्हणून गंजगोलाईत बेकरीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "नानकटाईला पाहिजे का खारीला?"

गणपतीला, असं सांगायला हवं होतं. माझ्या मागे रांग होती. मी म्हणाले, "खारीला."

त्याने मोठ्या आपुलकीने खारीत किती घालायचा, भट्टी किती तापवायची, सगळं सांगितलं. मी मान हलवत ऐकलं, एकदोन शंकाही विचारल्या, कारण खोटं बोलायचं तर नीट बोलावं. रांगेत आमच्या गल्लीतल्या एका बाईंच्या जाऊबाई होत्या. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्या आठवड्यात तिघींनी मला दिवाळीच्या ऑर्डरी दिल्या.

अनंत चतुर्दशीला सगळं व्यवस्थित झालं. दुष्काळात रेल्वेने पाणी आलं त्या वर्षापासून लातुरात घरटी निळी पिंपं आहेत. प्रत्येकाने आपापल्या मागच्या दारी पिंप भरून ठेवलं. वाजतगाजत विहिरीपर्यंत जाऊन, विहिरीला फक्त दाखवून, आम्ही गणपती परत आणले. किशनराव फाटकात उभे राहून एकेक मूर्ती परत जाताना मोजत होते. तुळजाबाईंनी मला बोलावून माझ्या हातावर साखर ठेवली. मला त्या वेळी जे वाटलं त्याची आठवण झाली तरी आता कानांच्या पाळ्या गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिंपापाशी उभी होती. शाडूचा गणपती एका रात्रीत चिखल व्हायला हवा. आमचा गणपती पाण्याखाली, एक हात वर करून, आम्हाला आशीर्वाद देत होता.

"पाणी कमी पडलं का गं?" आईने विचारलं.

मी पिंपावर झाकण ठेवलं.  संध्याकाळपर्यंत मागच्या दाराने एकेक जण येऊ लागलं. पुनम वहिनी वाटी घेऊन आल्या, विरजण मागायला यावं तशा. म्हणाल्या, "तुमची ती पावडर थोडी उरली असेल तर... आमच्या ह्यांना दुकानदारानं फसवलं." त्यानंतर बऱ्याच जणींच्या ह्यांना दुकानदाराने फसवल्याचं समोर आलं. मी पोतं उघडलं आणि सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पावडर अर्थातच कुणालाच पुरेशी मिळाली नाही. पण त्या वेळी प्रमाणाचा आग्रह धरणं मला अमानुष वाटलं.

मग वास सुटला. अमोनियाचा वास वर्णन करून सांगता येत नाही, पण ज्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात सार्वजनिक मुतारीजवळ बसची वाट पाहिली आहे त्यांना तो समजेल. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या मागच्या दारी तसली बस थांबली होती. माझे बाबा, रेणुकादास, पोस्टात होते आणि सहसा कशावरच मत देत नाहीत. ते वर्तमानपत्र घेऊन पुढच्या अंगणात गेले, आणि जेवायलाही आत आले नाहीत, तिथेच ताट मागितलं.

दोन दिवसांनी बुडबुडे थांबले. काकांच्या मूर्तीच्या बुडाचा, जिथे रंग नव्हता तिथला, थोडा भाग मऊ झाला होता. बाकी सगळे गणपती होते तसेच. आमच्या गणपतीचं पितांबर तर आणखी चमकायला लागलं होतं. मी पिंपाच्या कडेला बसून विचार केला, आणि मग मला समजलं, आणि मी तशीच बसून राहिले. माझा उंदीर फुटलेला होता. त्याच्या सगळ्या बाजूंना उघडं प्लास्टर होतं. पाणी सरळ आत गेलं. अख्ख्या मूर्तीवर तेलाच्या रंगाचा जाड थर असतो. पाणी आत जाणार कुठून? एका फुटक्या उंदरावरून मी गल्लीभरच्या गणपतींचा निष्कर्ष काढला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी असं काही लिहिलं तर मी त्याखाली लाल रेघ मारते.

उपाय सरळ होता: मूर्ती फोडून तुकडे करायचे. मी ग्रुपवर अतिशय संयत भाषेत तसं लिहिलं. या वेळी काकांनी हात जोडले नाहीत.

शिवाय काका त्या वेळी दुःखात होते. त्यांनी पिंपातलं बादलीभर पाणी, खत म्हणून, तसंच कढीपत्त्याला घातलं होतं. पानं आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग झाडाखाली. मी भेटायला गेले. काका झाडाकडे बघत म्हणाले, "तू म्हणालीस खत आहे." मी म्हणाले, "काका, दहापट पाणी घालून." काका म्हणाले, "ते कधी म्हणालीस?" मी म्हणाले, "चिवडा आला तेव्हा." त्यानंतर आमच्या गल्लीत जवळजवळ महिनाभर कढीपत्त्याशिवाय फोडण्या झाल्या, आणि प्रत्येक फोडणीच्या वेळी कुणीतरी माझं नाव घेत असणार.

घरी वेगळाच प्रश्न होता. आई रोज संध्याकाळी पिंपापाशी दिवा लावत होती आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवत होती. मी तिला समजावलं की उत्तरपूजा झाली, अक्षता टाकून मूर्ती हलवली, तेव्हाच विसर्जन झालं. शास्त्राप्रमाणे देव आता त्यात नाहीत. रसायनशास्त्र हरल्यावर मी धर्मशास्त्राकडे वळले होते.

"नाहीत ना? मग ये इथे," आई म्हणाली. "बघ त्यांच्याकडे आणि सांग, कोण हसतंय ते."

मी बघितलं. मग दिव्यात तेल घातलं.

एका सकाळी घरात कुणी नाही असं बघून मी मूर्ती पिंपातून काढली, टॉवेलात गुंडाळली आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन ओट्यावर बसले. टॉवेलात आहे ते कॅल्शियम सल्फेट आहे, हे मी स्वतःला सांगितलं. त्याचं रेणुसूत्रही म्हटलं. हात वर नेला. तो वरच राहिला. टॉवेलातून सोंडेचा बाक कळत होता. मी किती वेळ तशी बसले होते माहीत नाही, मागून बाबा म्हणाले, "प्रयोग चालू आहे का?" मी म्हणाले, "हो." ते बरं म्हणाले आणि हळूच दार ओढून घेऊन गेले. मी मूर्ती परत पिंपात ठेवली आणि, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पाणी जरा कोमट आहे का ते बघितलं.

तोवर पितृपंधरवडा लागला होता. पंचमीला आजोबांचा पक्ष. आईने चौथीच्या सकाळी भाज्या निवडता निवडता सांगितलं, "उद्या पितर जेवायला येणार. त्यांच्या पंगतीला गणपती बसवलेला मी तरी ऐकला नाही. ते पिंप आज रिकामं झालं पाहिजे. कसं, ते तू बघ."

मी काय बघितलं ते आता सांगते. ते सांगायचं नव्हतं म्हणूनच एवढा वेळ खारी आणि कढीपत्त्याबद्दल बोलत होते.

दुपारी गल्ली झोपते. मी गणपती टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या टबात ठेवला, वर दोन उशांचे अभ्रे टाकले, आणि धुणं धुवायला निघाल्यासारखी विहिरीकडे निघाले. एक मूर्ती. पाणी आता वर होतं. पुढच्या मेपर्यंत दिसणार नव्हती. तोवर, मी स्वतःला सांगितलं, मी काहीतरी शोधून काढीन. मला त्या क्षणी तुळजाबाईंची साखर आठवली नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. आठवली. पाय थांबले नाहीत.

विहिरीच्या काठावर शेषेराव काका उभे होते. त्यांच्या हातात मोठी कापडी पिशवी होती.

"पाणी किती आहे ते बघायला आलो," काका म्हणाले.

"मी अभ्रे धुवायला," मी म्हणाले.

पाठोपाठ पुनम वहिनी बादली घेऊन आल्या. बादलीवर पदर होता. आम्हाला बघून त्या म्हणाल्या की घरात फार उकडत होतं. मग आम्ही तिघे काठावर बसून उकाड्याविषयी बोललो. या वर्षी उकाडा जास्त आहे यावर आमचं एकमत झालं. आपण उठल्याशिवाय दुसरा उठणार नाही आणि दुसरा उठल्याशिवाय आपलं काम होणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. त्यामुळे विषय उकाड्यावरून पावसावर, पावसावरून तुरीवर गेला.

"पिशवीत काय हाय, शेषेराव?"

आवाज मोटारीच्या खोलीच्या सावलीतून आला. तिथे बाज होती आणि बाजेवर तुळजाबाई पडल्या होत्या. त्या दुपारी तिथेच पडतात. सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्हालाही माहीत होतं.

"भाजी आहे," काका म्हणाले.

"भाजीची सोंड बाहेर आलीय," तुळजाबाई म्हणाल्या.

काकांनी पिशवीचं तोंड आवळलं. पुनम वहिनींनी बादलीवरचा पदर आणखी ओढला. तुळजाबाई उठून बसल्या आणि आमच्या तिघांकडे एकेक करून बघत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किशन हीर बुजवणार म्हणला होता, ते ध्यानात हाय ना?"

माझ्या तोंडून मग सगळं एकदम बाहेर पडलं. आजी, ते विरघळत नाहीत. मी चुकले. वरचा रंग पाण्याला आत जाऊ देत नाही. फोडले तर विरघळतील, पण फोडवत नाहीत. मी फोडायला गेले होते. मला जमलं नाही.

"रंगच आडवा यायलाय ना?"

"हो."

"मग रंग काढा की. फोडताव कशाला? लेकरू मळलं तर फोडताव का त्याला? घासून न्हाऊ घालताव."

यात त्यांनी काही फार मोठं सांगितलं असं त्यांना वाटलं नाही. त्या पदराने वारा घेत होत्या. पण मी तिथे बसले होते ती आणखी खाली बसले. मॅग्नेशियमची पट्टी जाळण्याआधी सँडपेपरने घासून घ्या, वरचा थर काढल्याशिवाय प्रक्रिया नीट होत नाही, हे वाक्य मी दर वर्षी, दर बॅचला, दर टेबलापाशी जाऊन म्हणते. ज्या पोरांना ते म्हटलं त्यांपैकी कुणी त्या दुपारी तिथे नव्हतं, एवढीच देवाची कृपा.

आम्ही तिथेच बसलो. म्हणजे विहिरीपासून लांब, बाभळीखाली; कारण रंगाचे कपटे विहिरीत उडता कामा नयेत, एवढं मात्र मी सांगितलं, आणि ते चिवडा यायच्या आधी सांगितलं. तुळजाबाईंनी काथ्या दिला. मी खाली वर्तमानपत्रं पसरली. सुरुवातीला हात हळू चालत होते. मग पुनम वहिनी, त्यांना तान्ह्याच्या वेळेची सवय असणार, गणपतीचं डोकं डाव्या हातावर टेकवून कानामागे घासायला लागल्या, आणि मग सगळं सोपं झालं. पितांबर निघालं, मुकुट निघाला, खालचं पांढरं प्लास्टर दिसायला लागलं. आवाज ऐकून आणखी एकदोघी आल्या, मग आपापल्या मूर्ती घेऊन बाकीच्या आल्या. माझी आईही आली. तिने आमचा गणपती माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाली, "सोंडेवरून असं उलटं घासतात का," आणि स्वतः बसली.

आणि किशनरावांची मोटारसायकल फाटकात थांबली.

ते गावाबाहेरच्या दुसऱ्या शेतातून आले होते. त्यांनी गणपती बघितले, माणसं बघितली, मग काठावर राहिलेला माझा टब बघितला. त्यात ओला टॉवेल होता आणि अभ्रे कोरडे होते.

"हे इथं हिरीवर कशाला आलं?" त्यांनी विचारलं.

 तुळजाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना वाटलं असतं तर त्यांनी सहज काहीतरी सांगितलं असतं, मीच बोलावलं म्हणून, आणि किशनरावांनी ते मानलं असतं. त्या बाभळीकडे बघत राहिल्या. आई घासायची थांबली.

मी उभी राहिले. "किशनराव काका, मी गणपती विहिरीत टाकायला आले होते."

"मी पाणी बघायला आलो होतो," शेषेराव काका म्हणाले. त्यांच्या मांडीवर तोवर गल्लीतला सगळ्यात उंच गणपती अर्धा सोललेला होता.

किशनराव काठाशी गेले. वाकून खाली बघत राहिले. पाणी वर असल्यामुळे तळ दिसत नव्हता, तरी ते बघत राहिले.

"पडला का एखादा?"

"नाही," मी म्हणाले. "आजींनी विचारलं म्हणून नाही पडला."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि टिप्परवाल्याला आज येऊ नको म्हणून सांगितलं. 'आज' हा शब्द त्यांनी जरा जास्तच स्पष्ट उच्चारला. मग ते खाली बसले आणि एका बाईच्या हातातला काथ्या घेऊन तिच्या गणपतीची पाठ घासायला लागले. गणपती तिथेच, किशनरावांच्या वाड्याबाहेरच्या मोकळ्या जागेत, सगळ्यांनी घरून उचलून आणलेल्या पिंपांत पुन्हा बसले. मी गंजगोलाईतून दुसरं पोतं आणलं. दुकानदार म्हणाला, खारी जोरात चाललीय म्हणायची. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजोबा गणपतीशिवाय जेवले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपांच्या तळाशी पांढरा गाळ उरला. या वेळी पाणी दहापट करून घालेपर्यंत मी प्रत्येक झाडापाशी स्वतः उभी राहिले.

दसऱ्याच्या आधी किशनरावांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. मधे माणूस उतरेल एवढंच दार, त्याला कुलूप. विहीर साफ करायची, मोटार काढायची, तर ते उघडावं लागणार. चावी कुणाकडे ठेवायची यावर पुन्हा सगळे काठावर जमले. शेषेराव काका म्हणाले की अनुभव बघता ती जबाबदारी ते घ्यायला तयार आहेत. कुणी म्हणालं, पाळी लावा. मी मागे, पुनम वहिनींच्या आडोशाला उभी होते. त्या दिवसानंतर मी विहिरीवर आलेच तर अशीच उभी राहायचे.

"मुग्धाताईकडं द्या," किशनराव म्हणाले.

लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ते चेष्टा करतायत. काकांनी तर विचारलंच की अहो, तीच तर टाकायला आली होती.

"म्हणून तर," किशनराव म्हणाले. "तुम्ही पाणी बघायला आला होता, शेषेराव. तुम्ही परत याल. हिला आता हिरीकडं बघायची बी लाज वाटायली."

आमच्या गल्लीत एखाद्या गोष्टीवर इतक्या पटकन एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. तुळजाबाईंनी पदराच्या गाठीतून चावी सोडवली. मी पुढे झाले आणि हात पसरला, आणि त्यांनी ती माझ्या हातावर ठेवेपर्यंत खालीच बघत राहिले.